माग किती ठेवावा?

(सांगलीतील एका स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय कळवला तसा संयोजकांचा फोन आला. "ट्रेसेबिलिटी म्हणजे ते द्राक्षाचंच ना? पत्रिकेत पुढं सॉफ्टवेअर लिहिलंय, ते चुकून आलंय का?" चुकून आलेलं नाही. पण प्रश्न इतका रास्त होता की मी व्याख्यानाची सुरुवातच बदलली. ट्रेसेबिलिटी म्हणजे माग ठेवणं, आणि हिंजवडीतल्या कंपन्यांत या शब्दावर बैठकांवर बैठका होतात. त्या बैठकांना बसलेली बरीच पोरं तासगाव-कवठेमहांकाळची, खटाव-माणची, कराड-वाळव्याची असतात. सुट्टीला घरी आली की तीच पोरं वडिलांची फवारणीची वही उचलून म्हणतात, "आबा, हे कशाला लिहीत बसताय?" आणि सोमवारी कामावर गेली की मॅनेजर त्यांच्या मागं लागतो, "लिहून ठेवलंय का?" तेव्हा द्राक्षापासूनच सुरू करू.

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. माल कुणाच्या बागेतला, हे सांगायची सोय नव्हती. कंटेनरमध्ये पाच-पंचवीस बागांचा माल एकत्र भरलेला. चूक एखाद्या बागेची असेल, पण नाव गेलं ते सगळ्यांचं. त्यानंतर अपेडा, म्हणजे केंद्र सरकारचं कृषी निर्यात प्राधिकरण, आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी अंश तपासणीची योजना बसवली. २००६च्या सुमारास ती संगणकावर आली. तिचं नाव ग्रेपनेट. पुढं डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट अशी भावंडं निघाली आणि हे सगळं हॉर्टिनेटच्या छपराखाली गेलं. पण थोरलं भावंड द्राक्षाचंच, आणि ते वाढलं आपल्या आणि नाशिकच्या मातीत.

समोर बागायतदार बसलेत, त्यांना हे मी सांगणं म्हणजे धाडसच. तरी इतरांसाठी थोडक्यात सांगतो. निर्यात करायची तर प्लॉटची नोंदणी कृषी विभागाकडं करायची. प्लॉटला नंबर मिळतो. कृषी सहायक येऊन बाग बघून जातो. फवारणीची नोंद ठेवायची. माल तयार व्हायला आला की नमुना तुम्ही न्यायचा नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन स्वतः घड काढून नेतो. अहवाल थेट संगणकात चढतो. पास झाला तर माल पॅकहाऊसला, तिथून पेटी, पेटीवरून पॅलेट, मग अ‍ॅगमार्क हा प्रतीचा दाखला, मग फायटो म्हणजे रोग-किडी नसल्याचा दाखला, मग बोट. रॉटरडॅमच्या गोदामातली एक पेटी उचलली तर उलट्या पावली सावळज किंवा मणेराजुरीच्या प्लॉटपर्यंत येता आलं पाहिजे, ही त्यामागची कल्पना.

यातून दोषाला पत्ता मिळाला. पूर्वी एक पेटी नापास झाली की सगळा देश नापास व्हायचा, आता एक प्लॉट नापास होतो. हा फायदा कुणाचा? निर्यातदाराचा, देशाच्या नावाचा, आणि ज्याची बाग स्वच्छ आहे त्या शेजाऱ्याचा. खर्च कुणाचा? नोंद ठेवणाऱ्याचा. दिवसभर ब्लोअर चालवून आलेल्या माणसानं संध्याकाळी हातपाय धुऊन वही उघडायची, त्याचा. माझ्या सगळ्या व्याख्यानाचं सूत्र या एका ओळीत आहे: माग ठेवणारा एक असतो आणि माग काढणारा दुसरा. खर्च आणि फायदा एकाच खिशात असते, तर यावर वाद झालाच नसता.

आता ती वही जरा जवळून बघू. रकाने ठरलेले: तारीख, छाटणीपासूनचा दिवस, रोग किंवा कीड, औषध, लिटरला प्रमाण, एकरी पाणी, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं. खरी वही हातात घेतली की लगेच ओळखू येते. एका पानावर निळी शाई, दुसऱ्यावर काळी, मध्ये पेन्सिल. कुठं औषधाचा डाग. 'डाऊनी' लिहून खोडून 'भुरी' केलेलं. 'रात्री पाऊस, परत मारलं' असं समासात. आणि दुसरी वही असते ती जानेवारीत, तपासणीच्या आदल्या रात्री लिहिलेली. ऑक्टोबरच्या छाटणीपासून शेवटच्या फवारणीपर्यंत एकच पेन, एकच वळण, एकही खाडाखोड नाही. दोन्ही वह्यांत रकाने सारखेच भरलेले. तपासणाऱ्याच्या यादीत दोघींनाही बरोबरची खूण. पण काही गडबड झाल्यावर पहिली वही उपयोगी पडते, दुसरी फक्त दाखवायला.

सॉफ्टवेअरमध्येही या दोन वह्या आहेत, तिथंही दुसरीच जास्त.

सॉफ्टवेअर म्हणजे काय तर कुणाची तरी गरज, ती भागवणारा कोड, आणि तो कोड ठीक चालतो का हे बघणारी चाचणी. पतसंस्थेनं सांगितलं, ज्येष्ठ नागरिकाला ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज द्या. ही गरज. तिच्यासाठी कुठंतरी चार ओळी लिहिल्या जातात, आणि साठ वर्षं पुरी झालेल्या ठेवीदाराला बरोबर व्याज लागतंय का ते तपासणारी एक चाचणी. या तिघांची गाठ मारून ठेवणं म्हणजे ट्रेसेबिलिटी. गरज बदलली की पुढं जाऊन कुठल्या ओळी बदलायच्या ते कळतं. आणि एखादी ओळ समोर आली की मागं जाऊन ती कशासाठी लिहिली ते कळतं. मोठ्या कंपन्यांत याचा एक तक्ता असतो, बहुतेक वेळा एक्सेलमध्ये. आडवे-उभे रकाने, शेकडो ओळी. ऑडिटर यायच्या आदल्या रात्री पिझ्झा मागवून तो भरला जातो, एकाच पेनानं.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. समजा मध्यम आकाराचं काम आहे, गरजा तीनशे. प्रत्येक गरजेची गाठ कोडच्या चार तुकड्यांशी आणि पाच चाचण्यांशी. म्हणजे २,७०० दुवे. प्रत्येक आवृत्तीत एक तृतीयांश गरजांना हात लागतो असं धरा, तर ९०० दुवे पुन्हा तपासायचे. एकाला दोनच मिनिटं लागली तरी तीस तास. एका माणसाचे जवळजवळ चार दिवस, आणि ते दर आवृत्तीला. हे दिवस कामाच्या अंदाजपत्रकात कधीच धरलेले नसतात. मग ते काम होत नाही, किंवा झाल्यासारखं दाखवलं जातं. आणि न तपासलेला दुवा हा नसलेल्या दुव्यापेक्षा वाईट. दुवा नसेल तर माणूस शोधतो. चुकीचा असेल तर विश्वासानं चुकीच्या जागी जातो.

मग हा सगळा उद्योग सोडूनच द्यावा का? नाही. पॅट्रिक मेडर आणि अलेक्झांडर एग्येड या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ७१ जणांना दुसऱ्यानं लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करायला दिले. काही कामांत दुवे हाताशी दिले, काहींत नाही. दुवे हाताशी होते तेव्हा काम सरासरी २४ टक्के लवकर झालं, आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण ५० टक्क्यांनी वाढलं. मला यातला दुसरा आकडा मोठा वाटतो. लवकर करण्यापेक्षा बरोबर करणं महाग असतं. पण प्रयोगात दुवे आयते होते आणि बरोबर होते, हे विसरायचं नाही. ते तयार कुणी ठेवायचे, हा आपला प्रश्न तसाच राहतो.

याच्याही आधी, १९९४ साली, लंडनच्या ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाइन यांनी या कामातल्या शंभराहून अधिक माणसांना विचारून पाहिलं होतं की तुमचं नेमकं अडतं कुठं. लोकांना वाटत होतं, गरजेपासून कोडपर्यंत जाताना अडतं. निघालं उलटंच. बहुतेक अडचण गरज कागदावर येण्याच्या आधीची होती: ही गरज आली कुठून, कुणी मागितली, कशापोटी मागितली, कुणाच्या आग्रहानं बदलली. कागदाच्या पुढचा माग थोडाफार सापडत होता, कागदाच्या मागचा नाही. याला तीस वर्षं होऊन गेली. मला तरी यात फारसा फरक पडलेला दिसत नाही.

माझ्याच कामातला एक अनुभव सांगतो, बँकेचं नाव घेत नाही. आपल्याच भागातल्या एका सहकारी बँकेचं जुनं सॉफ्टवेअर आम्ही नव्यावर नेत होतो. व्याज आकारणीच्या कोडमध्ये एक अट सापडली. एका शाखेची, ठरावीक क्रमांकांच्या मधली खाती असतील, तर व्याजावर व्याज लावू नका. वर काही लिहिलेलं नाही. कागदपत्रांत नाही. तक्त्यात मात्र तिची नोंद होती! गरज क्रमांक अमुक, चाचणी क्रमांक तमुक, निकाल पास. गरजेचं वर्णन काय, तर 'सदर खात्यांना चक्रवाढ आकारणी नाही'. म्हणजे कोडमध्ये जे लिहिलंय तेच मराठीत. आमच्यातल्या एका हुशार मुलीनं ती अट काढून टाकायची शिफारस केली, आणि तर्कानं ती बरोबर होती. निवृत्त झालेल्या एका शाखाधिकाऱ्यांना घरी जाऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. २००३च्या दुष्काळात माणदेशातल्या शेतकऱ्यांच्या पीककर्जांचं पुनर्गठन झालं होतं, त्यातली ती खाती. काका म्हणाले, "मिटिंगमध्ये ठरलं आणि प्रोग्रामरला फोनवर सांगितलं. लिहायला कुणाला वेळ होता? छावण्या सुरू होत्या."

बघा, तक्ता पुरा होता. गरज, कोड, चाचणी, तिन्हींची गाठ जागेवर. नव्हतं ते फक्त कारण. आणि कारण लिहायला तेव्हा दोन ओळी लागल्या असत्या. नंतर ते शोधायला आम्हाला काकांचा पत्ता शोधावा लागला. ते हयात होते, हे बँकेचं नशीब.

हीच गोष्ट फार मोठ्या पैशात घडलेली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत भरकटलं आणि फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून जसंच्या तसं घेतलं होतं. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा चौसष्ट बिटांतून सोळा बिटांत बसवायचा होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त, आकडा मोठा, तो मावला नाही. चौकशी समितीच्या अहवालात एक तपशील आहे तो मी दरवर्षी नव्या मुलांना सांगतो. असे धोक्याचे आकडे सात होते. चारांना संरक्षण दिलं, तिघांना जाणूनबुजून दिलं नाही, कारण त्या संगणकावर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही असं ठरलेलं. जुन्या रॉकेटसाठी तो निर्णय चर्चा करून, सर्वांच्या संमतीनं झाला होता आणि बरोबरही होता. पण का घेतला ते कोडमध्ये कुठंच नव्हतं. ते होतं कागदपत्रांच्या ढिगात. समितीनं म्हटलंय की कुणाचा हेतू नसतानाही, कागद एवढे होते की बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटलं.

म्हणजे कागद कमी पडले नव्हते. ढीग मोठा होता म्हणूनच हरवलं. शिवाय ज्या भागात हा प्रकार घडला, त्याचं उड्डाणानंतर चालत राहणं ही जुन्या रॉकेटची गरज होती, नव्याला तिचा काही उपयोग नव्हता. गरज मेली होती, कोड चालू होता.

यावरून कुणी म्हणेल, कारणं सगळी लिहून ठेवा म्हणजे झालं. तेवढ्यानं भागत नाही, आणि याचा धडा आपल्याच द्राक्षानं दिला आहे.

२०१० सालचा हंगाम इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. ग्रेपनेट जोरात होतं, प्लॉट नोंदलेले, अहवाल पास. आणि युरोपात माल अडकला क्लोरमेक्वाट क्लोराइडवरून. आपण त्याला सीसीसी म्हणतो, कुणी लिहोसिन म्हणतं. खरड छाटणीनंतर शेंडा रोखून काडीत घड धरावा म्हणून वापरायचं. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडं तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. प्रयोगशाळांनी जे शोधायला सांगितलं ते शोधलं आणि प्रामाणिकपणे पास लिहिलं. पेटीपासून प्लॉटपर्यंतचा माग शाबूत होता, एकही दुवा तुटला नव्हता. निर्यातदारांचे पैसे अडकले, त्यांच्यामागं बागायतदारांचे. पुढं ते रसायन यादीत आलं.

यात व्यवस्थेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मागाची कुठलीही व्यवस्था आधी ठरलेल्या प्रश्नांचीच उत्तरं साठवते. प्रश्न नवा आला की नोंदी हजार असल्या तरी मुक्या. ग्रेपनेटचं यश असं की नवा प्रश्न कळल्यावर पुढच्या हंगामात तो विचारायची जागा तयार होती. व्यवस्था बसवण्याचा खरा परतावा मला यात दिसतो.

सॉफ्टवेअरचं सीसीसी डिसेंबर २०२१ मध्ये आलं. लॉग४जे नावाचा एक फुकट मिळणारा तुकडा, काम काय तर प्रोग्राममध्ये काय घडलं त्याची नोंद ठेवणं. जगभरच्या जावा सॉफ्टवेअरमध्ये घुसलेला. त्यात भगदाड निघालं, धोक्याचे गुण दहापैकी दहा. प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न: आपल्याकडं हा कुठं कुठं आहे? आपण स्वतः घेतलेला नसला तरी आपण घेतलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी तुकड्यानं तो घेतलेला असायचा. ज्यांच्याकडं सामानाची यादी होती त्यांना उत्तर लवकर मिळालं, बाकीचे नाताळभर सर्व्हर उपसत बसले. अशा यादीला हल्ली एसबॉम म्हणतात. अमेरिकेनं मे २०२१ मध्येच सरकारी खरेदीसाठी ती मागण्याच्या दिशेनं आदेश काढला होता. संगणक सुरक्षा बघणाऱ्या आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २०२४ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ही यादी माणसानं लिहायची नसते, यंत्रच काढतं. माझं मत स्पष्ट आहे. जो माग यंत्राला काढता येतो, त्यावर चर्चा करू नका, ठेवून टाका. कोडच्या प्रत्येक बदलावर तो कुठल्या कामासाठी केला त्याचा क्रमांक टाकायचा, हेही त्यातलंच, दहा सेकंदांचं काम. काटकसर करायची ती माणसाच्या वेळेची, आणि माणसाचा वेळ लावायचा तो फक्त कारणावर.

अलीकडं मुलं मला सांगतात, सर, कारणंसुद्धा आता एआय लिहून देतं. देतं खरं. कोड वाचून इतकं गुळगुळीत कारण देतं की बँकेतल्या त्या अटीलाही त्यानं काहीतरी शोभेल असं लिहिलं असतं. दुष्काळ मात्र त्याला माहीत नसता. एकाच पेनानं लिहिलेली वही आता यंत्राच्या अक्षरात मिळते, एवढाच बदल.

मघाशी कोडच्या बदलावर क्रमांक टाकायचं म्हणालो, त्यावरून एक गोष्ट आठवली. आपल्या सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो धरून गाव नमुना सहा उघडला की ते नाव तिथं कसं आलं ते कळतं, वारसानं, खरेदीनं की वाटणीनं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. म्हणजे सॉफ्टवेअर हा शब्द जन्मण्याआधीपासून आपल्या तलाठ्याकडं पुढं-मागं जाणारे दुवे आहेत. आता ई-फेरफारमुळं ते पडद्यावर दिसतात. पण तीन-चार पिढ्या मागं जा. क्रमांक आहे, फेरफार सापडतो, तहसीलच्या अभिलेख कक्षात गठ्ठ्यात आहे, आणि तो मोडीत आहे. वाचणारा नाही. मग सातारा-सांगलीत मोडी जाणणाऱ्या मोजक्या मंडळींच्या दारात रांग. दुवा शाबूत, पलीकडचं दार मात्र बंद. आमच्याकडं हे वीस वर्षांतच होतं. कोडमध्ये जागोजाग 'काम क्रमांक ४४१२ पाहा' असं लिहिलेलं असतं, आणि ते क्रमांक ज्या प्रणालीत होते तिची वर्गणी कंपनीनं केव्हाच बंद केलेली असते. म्हणून मी म्हणतो, नुसता क्रमांक टाकू नका, त्याच्यापुढं एक वाक्य लिहा. क्रमांकाचं घर पडेल, वाक्य कोडबरोबर प्रवास करेल.

खर्च कुणाच्या माथी, याकडं परत येतो, कारण तिथं गोष्ट नुसती गैरसोयीची राहत नाही. १८५२च्या अकराव्या कायद्यानं इंग्रजांनी इनाम कमिशन बसवलं. तुमची जमीन इनाम आहे म्हणता, तर सनद दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असलेल्या माणसाची सनद वाळवीनं खाल्लेली, घराबरोबर जळलेली, भाऊबंदकीत गहाळ झालेली. ज्यांच्याकडं दप्तर सांभाळायला कारकून होते त्यांनी कागद काढून दाखवले, ज्यांच्याकडं नव्हते त्यांचं इनाम गेलं. पुरावा मागणं चूक नव्हतं, पण पुराव्याचा सगळा बोजा एकाच बाजूला होता. आज एक एकराचा बागायतदार निर्यातीच्या नोंदणीत पडत नाही, बेदाणा करून मोकळा होतो, याच्या कारणांत वहीचा जाचही एक आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत चार पोरं मिळून सॉफ्टवेअर करतात, त्यांना मोठी कंपनी काम देते आणि बरोबर दोनशे रकान्यांचा तक्ता देते. दरात तक्त्याचे पैसे नसतात. पैसे न देता मागितलेला माग खोटा येतो, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला त्याच्या वरच्याला दाखवायचा असतो.

खोटेपणाचं दुसरं मूळ भीती. प्लॉट नापास झाल्यावर वही शिक्षेसाठीच उघडणार असेल, तर 'परत मारलं' हे समासात कोण लिहील? कोडमध्ये कुठली ओळ कुणी कधी लिहिली हे एका आज्ञेत दिसतं. ते बघून पगारवाढ ठरायला लागली की लोक मोठे, मोघम, सामुदायिक बदल टाकायला लागतात. नोंद प्रामाणिक हवी असेल तर नोंदीचा पहिला उपयोग लिहिणाऱ्याला झाला पाहिजे. वही बघून पुढच्या वर्षी एक फवारणी वाचली, असं ज्या बागायतदाराला दिसलं, त्याला वही लिही म्हणून सांगावं लागत नाही.

मग किती ठेवायचा? विमानाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी याचं व्यवहारी उत्तर काढलेलं आहे. त्यांच्या डीओ-१७८सी या नियमावलीत आधी विचारतात, हे सॉफ्टवेअर बिघडलं तर काय होईल? विमान पडेल, तर पातळी ए, पूर्ण करायची उद्दिष्टं ७१, आणि गरजेपासून यंत्रभाषेपर्यंतचा माग. बी ला ६९, सी ला ६२. त्रास किरकोळ असेल तर पातळी डी, उद्दिष्टं २६. काहीच बिघडत नसेल तर पातळी ई, उद्दिष्टं शून्य. पुन्हा सांगतो, शून्य. प्रवाशाच्या जिवाशी खेळ नको म्हणणाऱ्या लोकांनी शून्य लिहायचं धैर्य दाखवलंय. आपल्याकडच्या कंपन्यांत हजेरीच्या सॉफ्टवेअरला आणि औषध सोडणाऱ्या पंपाच्या सॉफ्टवेअरला एकच तक्ता लावतात, आणि वर समानता म्हणून मिरवतात.

हे परकं वाटत असेल तर आपल्या जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षात जा. सरकारी दप्तर तिथं वर्गवारी करून लाल-पिवळ्या कापडांत बांधून ठेवलेलं असतं. अ वर्ग कायमचा. ब वर्ग तीस वर्षं. क वर्ग दहा, क-१ पाच. ड वर्ग एक वर्ष, मग नष्ट करायचा. कागद जुना झाल्यावर नव्हे, फाईल बंद करतानाच कारकून तिच्यावर वर्ग लिहितो. या कागदाबद्दल पुढं कोण विचारायला येईल आणि केव्हापर्यंत, याचा अंदाज तो तेव्हाच करतो. कधी चुकतो. पण त्यानं अंदाज केला नाही, तर सगळंच अ वर्गात जातं आणि कक्ष भरतो.

आम्ही त्या बँकेच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये हेच करून बघितलं. गरज लिहितानाच तिच्यापुढं वर्ग. व्याज आकारणी, वसुली, मृत खातेदाराचे वारस हे अ मध्ये: कारण, ठराव क्रमांक, तारीख, आणि ही अट केव्हा काढता येईल तेही. पासबुकावरच्या छपाईची मांडणी ड मध्ये, तिचा तक्ता नाहीच. बँकेच्या ऑडिटरांनी पहिल्या वर्षी ड वर्गावर आक्षेप घेतला, रकाने रिकामे का म्हणून. त्यावर संचालक मंडळात अर्धा तास चर्चा झाली, आणि रकाने रिकामेच ठेवायचे असा ठराव झाला. तो ठराव मात्र अ वर्गात आहे.